अनूची जागा

अनू गेली हे सांगायला सोनबा आला, तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. सोनबा माळावरच्या वस्तीतला, मासे धरणारा. सकाळी तो आला म्हणजे हातात काहीतरी असायचंच, वाम नाहीतर झिंगे. त्या दिवशी त्याचे हात रिकामे होते. तो अंगणातच थांबला आणि म्हणाला, “वच्छाबाई, अनूबाई गेली. तापातच गेली. पहाटे मी पाणी द्याले गेलो तं...” माझे यजमान आत दाढी करत होते. ते तसेच बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण लावलेला, आणि ओसरीच्या पायरीवर बसून रडायला लागले. आवाज करून रडले. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. मी तांदळाचं सूप मांडीवर धरून त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. मी गेले तर हे असे रडतील का, असं मनात आलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी अनसूयाबाईंवर, म्हणजे अनूवर, काही लिहून द्या, असा निरोप यजमानांना आला होता. ते दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले आणि मग माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तूच लिही. तुझी मैत्रीण होती.” म्हणून मी लिहिते आहे. शोकसभेत तिच्याबद्दल सगळे जे बोलले, त्यागी, सेवाभावी, निःस्वार्थी, ते सगळं खरंच असेल. पण मला ते शब्द लिहिता येणार नाहीत. तिच्या ओळखीच्या पहिल्या दिवसापासून मी तिचा हेवा केला, आणि तो हेवा बाजूला ठेवून तिला आठवायला गेले तर हाताला काही लागतच नाही.

आमचं दोघींचं माहेर एकच, मार्कंड्याच्या देवळाजवळचं एक खेडं. घरंही एका भिंतीची. मी शाळेत पहिली यायची आणि अनू गणितात हमखास नापास. मास्तर माझी पाटी सगळ्या वर्गाला दाखवायचे, पण सुट्टी झाली की पोरी अनूच्या मागे जायच्या. एकदा शिवरात्रीच्या जत्रेत ती हरवली. अख्खं गाव नदीच्या वाळूत तिला शोधत फिरलं, तिच्या आईनं तर ऊर बडवून घेतला. दिवस कलल्यावर ती सापडली एका बांगडीवालीच्या पालात, तिचं तान्हं लेकरू मांडीवर घेऊन झोपवत बसलेली. बांगडीवाली म्हणाली, “मायेवाली पोरगी आहे तुमची.” आणि तिनं तिला हातभर बांगड्या फुकट भरल्या. आईचं बोट दिवसभर न सोडता, सांगितल्या जागी उभी राहिले मी... मला काही मिळालं नाही. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे, यावरूनच वाचकांनी काय ते ओळखावं.

पुढे लग्नंही एकाच गावात झाली. आमचं हे गाव वैनगंगेच्या काठचं, बऱ्यापैकी मोठं, म्युनिसिपल कमिटी असलेलं. मला वकिलाचं घर मिळालं. अनूला मिळाला जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोतला कारकून. तो बिचारा दोन-तीन वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले, पण ती गेली नाही. दिराच्या घराची पुढची खोली मागून घेतली, शिलाईचं मशीन घेतलं आणि पोलकी शिवायला बसली. मला वाटलं होतं, आता तरी माझं पारडं जड झालं. माझ्याकडे नवरा होता, पोरं होती, पितळी भांड्यांची उतरंड होती. पण दुपारी तिच्या खोलीवरून जावं तर आत उभं राहायला जागा नाही. कोणाच्या पोलक्याची बाही, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या नवऱ्याची दारू, सगळं त्या मशीनसमोर येऊन पडायचं. माझ्या ओसरीवर पक्षकार बसलेले असत, आणि ते माझ्याकडे चहापुरतं बघत.

तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. कमिटीत एक बाई घ्यावी असं ठरलं, आणि निवडून आलेल्या सभासदांनी ती निवडायची होती. माझे यजमान तेव्हा उपाध्यक्ष. त्यांनीच अनूचं नाव सुचवलं. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, तेही दूधवालीकडून. जेवताना मी विचारलं, “मला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला?” त्यांनी मान वर केली. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना. म्हणाले, “तुला? तुला कुठे वेळ असतो घरातून?” मी त्यांना भात वाढला. वेळ नव्हता हे खरंच होतं.

मग तो पूर आला. वैनगंगा दर वर्षी खालच्या वस्तीच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि परत जाते. त्या वर्षी ती परत गेली नाही, वस्तीच घेऊन गेली. माणसं वाचली, कारण तेव्हा तिथंच राहणाऱ्या सोनबानं आणि त्याच्या भावांनी डोंगे घालून सगळ्यांना बाहेर काढलं, पण कुडाचं एक घर उभं राहिलं नाही. सगळी वस्ती शाळेच्या व्हरांड्यात येऊन राहिली. सरकारनं घरांसाठी मदत मंजूर केली. जागा कमिटीनं द्यायची होती. आणि जागा पुढे केली ती चुनाभट्ट्यांच्या शेठनं. गावाच्या पश्चिमेला त्याच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या लगतची मोकळी जमीन तो फुकट द्यायला तयार झाला. मजूर दाराशी येणार, हा त्याचा फायदा. कमिटीचा कटकटीतून सुटण्याचा फायदा. खालच्या वस्तीतली अर्धी माणसं तशीही भट्टीवर कामाला जात. सगळे म्हणाले, देव पावला.

मला ते पटलं नव्हतं. आमचं घर भट्ट्यांपासून चांगलं लांब आहे, पण उन्हाळ्यात तिकडचा वारा सुटला की दोरीवरची लुगडी पांढरी होतात. मी जेवताना यजमानांना म्हटलं, “इतक्या लांब माझ्या तुळशीवर चुना बसतो. मग भट्टीशेजारी झोपणाऱ्या लेकरांच्या छातीत किती बसेल?” ते म्हणाले, “वरणात मीठ कमी आहे.” तेच वाक्य मी दोन दिवसांनी अनूकडे पोलक्याचं माप द्यायला गेले तेव्हा बोलले. तिनं मशीन थांबवलं. “पुन्हा म्हण,” म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मशीन परत चालू केलं.

कमिटीची सभा झाली. यजमान घरी आले ते पागोटंही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “आज अनसूयाबाईंनी काय मुद्दा मांडला! शेठची माणसं गप्प बसली. म्हणाल्या, लांबच्या घरातल्या तुळशीवर चुना बसतो, तर तिथं झोपणाऱ्या लेकरांच्या छातीत किती बसेल... अगं, वकिलाला नाही सुचणार असं. ठराव पुढे ढकलला आम्ही.” माझ्या हातात उलथणं होतं. मी ते खाली ठेवलं. माझ्या तुळशीवरचा चुना, माझं वाक्य, माझा नवरा, आणि डोळ्यांत चमक कुणासाठी, तर अनूसाठी!

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले. बायका होत्या, तरी थांबले नाही. “माझंच बोलणं सभेत सांगितलंस आणि वाहवा तुझी झाली, नाही का?”

अनूनं तोंडातली टाचणी काढली. “माही कायले होईल? म्या तं पहिलेच सांगतलं ना वं, हे वच्छीचं बोलनं आहे, वकीलसायबाच्या घरच्या बाईचं. सगळे तुह्या नवऱ्याकडे पाहून राह्यले होते. त्यायनं नाई सांगतलं तुले?”

खोलीतल्या बायका हसायला लागल्या. मी घरी आले आणि यजमानांना विचारलं. ते वर्तमानपत्राआड गेले. “भर सभेत बायकोचं नाव निघालं. ओशाळल्यासारखं झालं मला. त्यात काय सांगायचं?” म्हणजे अनूनं माझं मला परत दिलं होतं, वाटेत ते यजमानांनी ठेवून घेतलं होतं. राग त्यांचा यायला हवा होता, आलाही. पण खरं सांगू? हेवा त्यानं कमी झाला नाही, वाढला. तिनं चोरी केली असती तर मला किती बरं वाटलं असतं. ती चांगुलपणातही पुढेच!

पुढची सभा शाळेच्या अंगणात भरली, कारण खालची वस्ती सगळीच ऐकायला आली होती. मीही गेले, वर्गाच्या दाराआड उभी राहिले. अनू उठली, भट्टीची जागा का नको ते सांगायला लागली. धूर, धूळ, चुना विझवायचे उघडे खड्डे, रांगती पोरं. ती बोलत असतानाच सोनबा उभा राहिला.

“अनूबाई, तुमी घरात झोपता. आमी इथी व्हरांड्यात झोपून राह्यलो. रात्री पाऊस आला का लेकराईले उराशी धरून बसा लागते. तुमी म्हणता भट्टी नोको. मंग कुठी? सांगा ना कुठी? जागा तं नाई तुमच्यापाशी. आमाले छप्पर पाह्यजे, भट्टीपाशी तं भट्टीपाशी. आमचं लेकरू आमी पाहू.”

कोणीतरी टाळी वाजवली. अनू उभीच होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते रिकामेपण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात गार वाटलं मला. मग ती म्हणाली, “सोनबा, बरोबर बोलून राह्यला तू. माह्यापाशी जागा नाई.” आणि खाली बसली. अध्यक्षांनी पुढच्या बैठकीत निर्णय घेऊ म्हणून सभा संपवली. सगळ्यांना कळलं होतं की निर्णय झालाच आहे.

त्यानंतर तिनं मशीनवर कापड झाकलं आणि दिवसचे दिवस शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसली. बायकांबरोबर तिथंच भाकर खायची. भाषण नाही, काही नाही. भट्टीवर जाणाऱ्या बायका तिला हात दाखवायच्या, चुन्यानं चिरलेले. त्यांना भट्टीशेजारी राहायचं नव्हतं, पण त्यांना विचारलं कोणी होतं? मग एक म्हातारी बोलली, की नाल्यापलीकडे मार्कंड्याच्या वाटेवर माळ आहे, उंचावर, पूर कधी चढत नाही, सरकारीच जागा आहे. तिथं कोणी राहत नाही कारण पाणी नाही. अनू ते ऐकून थेट आमच्या घरी आली. ओसरीवर यजमानांसमोर बसली आणि म्हणाली, “वकीलसायेब, पाणी लागलं तं माळ देसान का?” ते म्हणाले, “लागलं तर देऊ. पुढच्या पावसाळ्याच्या आत लागलं पाहिजे. माळाला खडक आहे, बाई.” ती म्हणाली, “लिहून घ्या मंग.” त्यांनी कमिटीत ते मंजूर करून घेतलं. शेठची माणसंही हसत हो म्हणाली. माळावर पाणी लागणार नाही याची त्यांना खात्री होती.

विहीर खणायला वस्तीच उतरली. पुरुष खाली, बायका टोपली वर ओढायला. अनू त्यांच्यात. यजमान रोज संध्याकाळी छत्री घेऊन बघायला जायचे. एकदा मी पोराच्या हातून डबा पाठवण्याऐवजी स्वतः घेऊन गेले. नाला ओलांडून वर चढले तर मातीच्या ढिगावर हे बसलेले, शेजारी अनू, सोनबा, दोन-चार बायका, पत्र्याच्या कपात काळा चहा. अनू काहीतरी सांगत होती, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंड लाल मातीनं माखलेलं, आणि यजमान हसत होते. मागे डोकं टाकून हसत होते. घरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्यात वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर मी भांडले असते, माहेरी गेले असते, काहीतरी केलं असतं. त्या हसण्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. मी डबा ठेवला. अनू म्हणाली, “ये ना वं, बस, चहा घे.” मी म्हटलं, “दूध उतू जाईल घरी.”

खडक लागला. बरेच दिवस नुसत्या ठिणग्या उडत राहिल्या. माणसं गळायला लागली, काही परत भट्टीवर कामाला गेली. आभाळ भरून यायला लागलं होतं. एका दुपारी खालचे सगळे वर आले आणि म्हणाले, झालं आता. अनू विहिरीच्या काठावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. त्या दिवशी मी तिथं होते. का गेले होते ते सांगता येणार नाही. यजमानही होते, आणि तिची समजूत घालावी की नाही या विचारात छत्रीशी चाळा करत होते. तेवढ्यात सोनबानं सब्बल, म्हणजे पहार, उचलली. “काऊन रडता, बाई? तुमचं घर थोडी आहे हे, आमचं आहे. आमी पाहू ना.” आणि दोर धरून एकटाच खाली उतरला. बराच वेळ सब्बलीचा आवाज येत राहिला. मग आवाज बदलला, जरा जड झाला. खालून तो ओरडला, काय ते समजलं नाही. वर टोपली आली, तिच्यात ओला चिखल होता. बायका एकमेकींच्या अंगाला तो चिखल फासायला लागल्या. एकीनं माझ्याही गालाला लावला. मी पुसला नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. घरं माळावर बांधायची ठरली, तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच कुटुंबांनी आपल्याला भट्टीशेजारीच जागा हवी असं कळवलं. माळावरून भट्टीवर जायला लांब पडतं, शेठ उशीर झाला की दिवस धरत नाही. अनूनं त्यांना समजावलं, हात जोडले. एक बाई तिला म्हणाली, “बाई, तुमचं खरं आहे, पन आमचं पोट भट्टीपाशी आहे.” शेवटी काही घरं तिथं झाली, काही माळावर. अनूला ते फार लागलं. हरल्यासारखी वागायची. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यातल्या अर्ध्यांनी पाठ फिरवली, असं माझ्या तोंडून एकदा निघालं, तर माझ्यावरच चिडली. “पाठ कायची फिरवली? चुलीपाशी गेले ते.”

पुढच्या खेपेला कमिटी बदलली आणि शेठच्या बाजूचे लोक जास्त आले, यजमानही पुन्हा निवडून आले. त्यांना अनू नको होती. बाई तर घ्यायची होती. कोणीतरी म्हणालं, वकीलसाहेबांचं घर आहे ना, त्या बाई बोलणाऱ्यातल्या नाहीत. अशी मी कमिटीत गेले. अनूची जागा मला मिळाली! इतकी वर्षं मनात जे होतं ते आपल्या पायानं दारात आलं. पहिल्या सभेला मी नवीन इरकली नेसून गेले आणि अनूच्या खुर्चीवर बसले, तर पाय जमिनीला टेकेनात. ती माझ्याहून उंच होती. वर्षभर मी खरोखरच काही बोलले नाही.

मग भट्टीच्या वस्तीतलं एक लेकरू चुन्याच्या खड्ड्यात पाय घालून भाजलं. पाय वाचला, पण लंगडं झालं. त्या सभेला मी उठले. खिडकीबाहेर लोक होते, त्यांच्यात अनू होती, आणि तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवून आले होते. तरी बघितलं. तिनं हनुवटी थोडी वर केली, शाळेत मी कविता म्हणायला उठले की करायची तशी. मी म्हटलं, खड्ड्यांना कुंपण घालायला लावा, नाहीतर मी या खुर्चीवर बसणार नाही. शेठच्या माणसांना वाटलं नव्हतं की मला आवाज आहे. यजमानांनी लगेच अनुमोदन दिलं. ठराव झाला, कुंपण झालं. सभा संपून मी बाहेर आले तर त्या लेकराची आई अनूच्या पायावर डोकं ठेवून रडत होती. बोलले मी, पाया मात्र अनूच्या! अनू तिला उठवून माझ्याकडे वळवत होती, आणि ती बाई माझ्याकडे बघून नुसता नमस्कार करत होती, मोठ्या घरच्या बाईला करतात तसा.

तोवर अनू दिराच्या घरातून निघून माळावरच राहायला गेली होती, वस्तीच्या टोकाच्या खोलीत. ताप आला तेव्हा मी एकदा गेले होते. विषमज्वर आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. ती वाकळ पांघरून पडली होती, ओठ सुकलेले. मी पेज भरवली. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, “वच्छे, तुले एक सांगू? मले लई हेवा वाटे तुहा.” मी म्हटलं, “कशाचा?” तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, “संध्याकाळी तुह्या घरी कोनी तरी येते ना... चपला वाजतात अंगनात.” एवढंच बोलली. मी तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली आणि घरी आले. ती मला शेवटची दिसली ती तेव्हाच.

काल मी माळावर गेले होते. तिची खोली वस्तीतल्या बायकांनी सारवून ठेवली आहे. मशीन कोणाला द्यायचं ते विचारायला मला बोलावलं होतं. ते ठरलं, चहा झाला, बायका कामाला पांगल्या. मी उंबऱ्यावर जरा टेकले. ऊन कलत होतं. तेवढ्यात कुठूनशी एक लहान पोर आली, झिपऱ्या सुटलेली, आणि माझ्याशी काही न बोलता, माझ्याकडे पाठ करून, खालच्या पायरीवर बसली. हात मागे करून तिनं लाकडी फणी माझ्यापुढे धरली. तिच्या मागून अजून एक आली, तिच्यामागे एक. एकीमागे एक ओळीनं बसल्या. मग शेजारच्या घरातून सोनबाची बायको म्हणाली, “रोज याच टायमाले बसे ना अनूबाई, साऱ्या पोट्टीयचे केस विंचरे. त्याईले सांगतलं, आता नाई ती. तरी येतात.”

मी फणी घेतली. केसांत गुंता होता, माती होती. मी माझ्या पोरींचे केस विंचरते तशी, झटकन, वरून खाली फणी ओढली. पोर कळवळली. मान वळवून माझ्याकडे रागानं पाहत म्हणाली, “अशी नोको ओढू ना. अनूबाई नाई ओढे.”

मी हात हलका केला.